अर्जदारांनी उभे केलेले राज्य

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची हकिगत सहसा एका सरळ साखळीने सांगितली जाते. इंग्लंडने कर लादले, वसाहतींनी विरोध केला, बॉस्टनच्या बंदरात चहा बुडाला, युद्ध पेटले आणि १७७६ साली जाहीरनामा निघाला. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की या साखळीतली एक कडी निसटते. १७६५चा मुद्रांक कायदा वर्षभरातच रद्द झाला होता. १७६७ साली काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर बसवलेली जकात १७७० साली चहा वगळता उठली होती. १७७३च्या ज्या कायद्यावरून चहा समुद्रात गेला, त्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. इंग्लंडमधल्या करदात्याच्या मानाने वसाहतीतल्या माणसावरचा बोजा मुळातच फार थोडा होता, आणि तोही हलका होत गेला. तरी नाते तुटले. तेव्हा तक्रारीतून स्वातंत्र्य आले, एवढे म्हणून भागत नाही. दाद मागणारे अर्जदार राज्य करणारे कधी आणि कसे झाले, हे शोधावे लागते. माझे म्हणणे असे, की तक्रार पुढे नेण्यासाठी वसाहतींनी गावोगाव ज्या सभा, समित्या आणि बहिष्काराचे करार उभे केले, तेच हळूहळू त्यांचे सरकार झाले. आणि लंडनने प्रत्येक वेळी दिलेल्या उत्तराने त्या सरकारला बळ पुरवले. जाहीरनामा निघाला तेव्हा राज्य बऱ्याच अंशी आधीच हातात आलेले होते.

लंडनची बाजू आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी फ्रेंचांना कॅनडातून हुसकावले. त्याच युद्धात भारतातली फ्रेंच सत्ताही खिळखिळी झाली. पण या विजयापायी ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होते ते १२ कोटींच्या पलीकडे गेले. अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक ठेवायचे ठरले होते, आणि ज्यांच्या रक्षणासाठी हे सैन्य आहे त्यांनी खर्चातला काही वाटा उचलावा, ही मागणी पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलला अगदी रास्त वाटत होती. १७६३च्या ऑक्टोबरात राजाज्ञेने ॲपलाचियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वस्ती करण्याची मनाई झाली. पुढल्या वर्षी परदेशी मळीवरची जकात गॅलनला ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली गेली. वरवर पाहता ही सवलत होती. पण जुने ६ पेन्स कोणी भरतच नव्हते. मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंडमध्ये रम गाळणाऱ्यांच्या भट्ट्या चोरट्या मळीवर चालत आणि कस्टमचे अधिकारी त्याकडे काणाडोळा करत. आता ३ पेन्स खरोखर वसूल व्हायचे होते, किनाऱ्यावर युद्धनौकांची गस्त बसली होती आणि चोरट्या मालाचे खटले आरमारी न्यायालयात चालणार होते, जिथे ज्युरी नसे. दर निम्मा झाला, जाच मात्र वाढला.

मुद्रांक कायदा २२ मार्च १७६५ रोजी मंजूर झाला आणि १ नोव्हेंबरपासून लागू व्हायचा होता. वर्तमानपत्र, पंचांग, गहाणखत, मृत्युपत्र, जहाजाची कागदपत्रे, दारूचा परवाना, कॉलेजची पदवी, पत्त्यांचा जोड, सगळ्यांना शिक्क्याचा कागद लागणार होता. खेळायच्या फाशांच्या जोडीवरसुद्धा १० शिलिंग कर होता. कागद इंग्लंडमधून शिक्के मारून यायचा आणि कर इंग्रजी चलनात भरायचा, तोही अशा मुलखात जिथे नाण्यांची कायमची चणचण. वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि खानावळवाले या चौघांना एकाच कायद्याने दुखवणे म्हणजे बोलणारे, छापणारे, पैसा फिरवणारे आणि लोकांना बसायला जागा देणारे एका बाजूला करणे होय. मुख्य मुद्दा मात्र पैशाचा नव्हताच. व्हर्जिनियाची निवडलेली सभा १६१९ पासून भरत आली होती, आणि आपला कर आपली सभा ठरवते ही रीत वसाहतींत पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती. पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही, म्हणून पार्लमेंटने आमच्या खिशात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. लंडनकडे याला उत्तर तयार होते: मँचेस्टर आणि बर्मिंगहॅममधूनही कोणी निवडून येत नाही, तरी प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचे हित पाहतो. मेरीलँडचा वकील डॅनियल ड्युलानी याने या युक्तिवादाची चिरफाड केली. त्याचा आशय असा, की जो सभासद मँचेस्टरवर कर बसवतो तो स्वतःवरही बसवतो. पण वसाहतींवर कर बसवणारा आपले आणि आपल्या मतदारांचे ओझे हलके करतो. या वादात याहून धारदार मुद्दा फार थोड्यांनी मांडला असेल. आणि हाच ड्युलानी पुढे स्वातंत्र्याच्या पक्षाला मिळाला नाही. नुसत्या युक्तिवादाने माणूस बंडखोर होत नाही, याचे हे मला मोलाचे वाटणारे उदाहरण आहे.

बंडाला लागणारी दुसरी गोष्ट रस्त्यावर तयार झाली. १४ ऑगस्ट १७६५ रोजी बॉस्टनमधल्या एका जुन्या एल्म वृक्षाला मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा टांगलेला दिसला. संध्याकाळी एबेनेझर मॅकिन्टॉश या चांभाराच्या पुढारीपणाखाली जमाव निघाला, मुद्रांकांसाठी बांधली जात असल्याचा संशय असलेली इमारत त्याने जमीनदोस्त केली, आणि ऑलिव्हरने ते काम सोडले. २६ तारखेला दुसऱ्या जमावाने उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचे घर लुटून उद्ध्वस्त केले. हे दुसरे प्रकरण चळवळीच्या पुढाऱ्यांना मुळीच रुचले नाही. जमाव हाताबाहेर जातो, म्हणून त्याला शिस्त हवी, हे त्यांच्या लक्षात आले. पुढच्या काही महिन्यांत तीन प्रकार रूढ झाले: शहरांतल्या 'सन्स ऑफ लिबर्टी' या मंडळांनी दबाव आणायचा, व्यापाऱ्यांनी इंग्लंडचा माल न मागवण्याचा करार करायचा, आणि वसाहतींच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून अर्ज करायचा. ऑक्टोबरात न्यूयॉर्कला ९ वसाहतींचे २७ प्रतिनिधी भरले ते राजाला आणि पार्लमेंटला विनंती करण्यासाठीच. माल खपेना तेव्हा इंग्लंडमधले व्यापारीच कायदा मागे घ्या म्हणू लागले, आणि १८ मार्च १७६६ रोजी तो रद्द झाला. वसाहतींत घंटा वाजल्या, दिवे लागले. त्याच दिवशी पार्लमेंटने दुसराही कायदा केला: वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आपला अधिकार अबाधित आहे, असा. त्या आनंदात त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. तक्रार दूर झाली, पण ज्या हक्काविरुद्ध ती होती तो हक्क कायद्यात लिहून ठेवला गेला. इकडे वसाहतींना कळले, की अर्जाला बहिष्काराची जोड दिली तर लंडन ऐकते.

१७६७ साली अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने बंदरात घ्यायची जकात आणली, तेव्हा पुष्कळांचे लक्ष वस्तूंच्या यादीकडे गेले. खरी गोम वसुलीच्या वापरात होती. या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार देता येणार होते. तोवर बहुतेक वसाहतींत गव्हर्नर नेमायचा राजाने, पण त्याचा पगार मंजूर करायचा तिथल्या निवडलेल्या सभेने, अशी पद्धत होती. गव्हर्नर मनमानी करू लागला की सभा पगाराचा ठराव लांबवत असे. लोकांच्या हातात असलेला हा एकच लगाम टाउनशेंडने अलगद काढून घेतला. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने इतर वसाहतींना परिपत्रक पाठवले. ते मागे घ्या असा हुकूम लंडनहून आला, आणि १७ विरुद्ध ९२ मतांनी सभेने तो फेटाळला. सभा बरखास्त झाली. पुन्हा आयातबंदीचे करार झाले. या वेळी बहिष्कार घरात शिरला: बायका एकत्र जमून सूत कातू लागल्या, घरचे जाडेभरडे कापड अंगावर घालणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली, चहाऐवजी पाल्याचे काढे आले. दुकानदार आणि सूत कातणारी बाई यांना मतांचा आणि ठरावांचा विषय असा रोजच्या व्यवहारातून कळला. १ ऑक्टोबर १७६८ पासून बॉस्टनमध्ये सैन्य उतरू लागले, आणि ५ मार्च १७७० रोजी कस्टम हाउसपुढे गोळीबार होऊन ५ माणसे मेली. सैनिकांचे वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतले, कॅप्टन प्रेस्टन निर्दोष सुटला, आणि सैनिकांपैकी फक्त दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. ज्या वसाहतीत हे रक्त सांडले तिथल्याच ज्युरीने हा निकाल दिला, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवे. कायद्यावरचा विश्वास अजून शाबूत होता. चहाखेरीज बाकी जकात उठली, करार मोडले, व्यापार पूर्ववत झाला. तक्रारीचे वजन हेच कारण धरले, तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

ती संपली नाही, कारण १७७२च्या नोव्हेंबरात सॅम्युएल ॲडम्सच्या सूचनेवरून बॉस्टनच्या गावसभेने एक पत्रव्यवहार समिती नेमली. निमित्त न्यायाधीशांच्या पगाराचे होते. समितीने हक्कांची आणि त्यांवरच्या आक्रमणांची एक पुस्तिका छापून मॅसॅच्युसेट्सच्या गावांना पाठवली आणि त्यांचे मत विचारले. त्या मुलखात प्रत्येक गावाची सभा असे. रस्ते, शाळा, चर्च, गरिबांची सोय यांवर तिथेच ठराव होत. आता त्याच सभेत पार्लमेंटच्या अधिकाराचा कागद वाचला जाऊ लागला. शंभरावर गावांनी उत्तरे धाडली, पुष्कळांनी आपापली समिती नेमली. १७७३च्या मार्चमध्ये व्हर्जिनियाने वसाहती-वसाहतींमध्ये अशीच समिती असावी असे सुचवले आणि बाकीच्यांनी ते उचलले. या घडीला कोणी स्वातंत्र्य मागत नव्हते. नव्या तक्रारीही फारशा नव्हत्या. पण पुढची तक्रार निर्माण झाली तर ती आठवड्याभरात गावोगाव पोचेल आणि गाव तिला उत्तर देईल, अशी वाट तयार झाली होती. गव्हर्नर झालेल्या हचिन्सनला याचे महत्त्व कळले होते. त्याने सभेपुढे भाषण करून पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचे संपूर्ण स्वातंत्र्य यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही, असे बजावले. लोक मधला मार्ग शोधत असताना राजाच्याच माणसाने तो नाही म्हणून सांगितले.

पुढची तक्रार निघाली ती हिंदुस्थानच्या वाटेने. ईस्ट इंडिया कंपनी १७७२ साली दिवाळखोरीच्या काठावर होती. बंगालच्या १७७०च्या दुष्काळाने महसुलाचा पाया हलला होता, लष्करी खर्च वाढला होता, आणि लंडनच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. हा चहा चीनचा; आसामच्या मळ्यांना अजून पुष्कळ अवकाश होता. १७७३च्या कायद्याने कंपनीला आपला चहा आपल्याच निवडक अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकायची मुभा मिळाली आणि इंग्लंडमधली जकात माफ झाली, पण अमेरिकेतली पौंडामागे ३ पेन्सची जकात राहिली. डच व्यापाऱ्यांच्या चोरट्या चहापेक्षा हा चहा स्वस्त पडला असता. विरोधकांचा आक्षेप नेमका त्या स्वस्ताईवर होता. ३ पेन्स दिले म्हणजे पार्लमेंटचा हक्क मान्य केला, आणि त्याच पैशातून गव्हर्नराचा पगार निघाला. शिवाय आज चहाचा मक्ता, उद्या कशाचाही. फिलाडेल्फियात जॉन डिकिन्सनने टोपणनावाने काढलेल्या पत्रकात कंपनीने आशियात काय केले, बंगालमध्ये धान्य अडवून लोक कसे उपाशी मारले, याची आठवण दिली आणि हीच कंपनी आता आपल्याकडे वळली आहे असा इशारा दिला. मुर्शिदाबादकडच्या भुकेची वार्ता डेलावेअर नदीकाठच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचून तिथल्या राजकारणात वजन टाकते, ही गोष्ट आपल्याकडच्या इतिहासलेखनात जितकी यायला हवी तितकी आलेली नाही.

बॉस्टनला 'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला लागले. नियमाप्रमाणे २० दिवसांत जकात न भरल्यास कस्टमवाले माल जप्त करून उतरवणार, म्हणजे १७ डिसेंबर ही शेवटची तारीख. चहा न उतरवता जहाज परत धाडा, ही गावाची मागणी. जकात भरल्याशिवाय जहाजाला जाण्याचा परवाना नाही, हे हचिन्सनचे उत्तर. त्याचे दोन मुलगे कंपनीच्या अडत्यांपैकी होते. १६ तारखेला जुन्या साउथ सभागृहात सुमारे ५,००० माणसे जमली. गावाची वस्ती सगळी मिळून १६,०००च्या घरात. जहाजमालक फ्रान्सिस रॉच शेवटची विनंती करायला गव्हर्नराकडे गेला होता, तो दिवेलागणीनंतर नकार घेऊन आला. मग मोहॉक लोकांसारखे तोंड रंगवलेली माणसे धक्क्यावर गेली आणि तीन तासांत तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा पाण्यात टाकला. वजन ९२,००० पौंडांवर, किंमत साडेनऊ हजार पौंडांहून अधिक. ओहोटी होती, त्यामुळे पाल्याचे ढीग जहाजांच्या कडेशी साचले आणि ते हातांनी पसरावे लागले. चहाखेरीज दुसऱ्या मालाला धक्का लागला नाही; एक कुलूप फुटले होते, ते भरून दिले गेले. आठ वर्षांपूर्वी हचिन्सनचे घर लुटणारा जमाव आणि हा जमाव यांतला फरक डोळ्यांत भरतो. मधल्या काळात सभा, समिती आणि ठराव यांची सवय लागली होती.

लंडनचे उत्तर या वेळी जबर होते. १ जून १७७४ पासून बॉस्टनचे बंदर बंद झाले. त्याहून दूरगामी होता तो मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचा कायदा: गव्हर्नराचे सल्लागार मंडळ आता राजा नेमणार, ज्युरी शेरीफ निवडणार, आणि गव्हर्नराच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच भरणार. बंदर बंद झाले त्याचा फटका एका शहराला बसला. गावसभा बंद झाली ती प्रत्येक शेतकऱ्याची. वुस्टर या गावी ६ सप्टेंबरला कोर्ट उघडायचे होते. आजूबाजूच्या ३७ गावांच्या नागरी पलटणी आल्या, मोजदाद झाली ती ४,६२२ माणसांची. कोर्टाची इमारत लोकांनी आधीच ताब्यात घेतली होती, न्यायाधीश आणि अधिकारी एका खानावळीत थांबले होते. मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडांना गावागणिक तुकड्या उभ्या राहिल्या आणि न्यायाधीश, शेरीफ, वकील यांना टोपी हातात घेऊन त्या रांगांमधून चालवले. नव्या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही, हे लेखी निवेदन प्रत्येकाला थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा वाचावे लागले, म्हणजे मागच्या माणसालाही ऐकू जाईल. गोळी सुटली नाही, कोणी जखमी झाले नाही, आणि त्या संध्याकाळी वुस्टर परगण्यातली राजाची सत्ता संपली. नवा गव्हर्नर, जनरल गेज, सैन्य पाठवायला धजावला नाही. ४ ऑक्टोबरला वुस्टरच्या गावसभेने आपला प्रतिनिधी, टिमोथी बिगेलो नावाचा लोहार, याला लेखी सूचना दिली की जुनी व्यवस्था मोडली आहे असे धरून नवे सरकार उभारण्याच्या मार्गाला लाग. जेफरसनच्या जाहीरनाम्याला अजून २१ महिने होते. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने स्वतःचा खजिनदार नेमला आणि गावांनी कराचा पैसा राजाच्या खजिनदाराकडे न भरता याच्याकडे भरावा असे ठरवले. ज्यांनी कर नाकारण्यापासून सुरुवात केली तेच आता कर घेऊ लागले, हे मला या सगळ्या कथेतले निर्णायक वळण वाटते.

फिलाडेल्फियाला सप्टेंबरात भरलेल्या पहिल्या काँग्रेसने हीच रीत १२ वसाहतींत पसरवली. तिने २० ऑक्टोबर १७७४ रोजी केलेल्या करारात आयात, निर्यात आणि खप थांबवण्याच्या तारखा होत्या. घोड्यांच्या शर्यती आणि कोंबड्यांच्या झुंजी टाळाव्यात, सुतकात दंडाला काळी फीत पुरे, इतक्या बारकाव्याने तो लिहिलेला होता. प्रत्येक परगण्यात, शहरात, गावात मतदारांनी समिती निवडावी आणि करार मोडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापावे, असे त्यात होते. हजारो साधी माणसे या समित्यांवर आली. समित्या दुकानदारांच्या वह्या तपासत, भाव ठरवत, पुढे नागरी पलटणींचे बळ वाढवू लागल्या. त्यांच्या कामाला काळी बाजू होती. राजनिष्ठांवर बहिष्कार पडले, काहींच्या अंगाला डांबर आणि पिसे फासली गेली, विरोधी छापखाने बंद पाडले गेले. स्वातंत्र्याच्या नावाने शेजाऱ्याच्या चहाच्या डब्यावर पाळत ठेवणे सुखाचे नव्हते, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण पाळत ठेवणे, दंड करणे, वसुली करणे ही सरकारची कामे आहेत, आणि ती समित्या करत होत्या.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सगळा धनिकांचा डाव होता. चोरट्या व्यापाऱ्यांना कंपनीचा चहा नको होता, व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्यांना लंडनच्या सावकारांचे देणे बुडवायचे होते, जमिनीच्या दलालांना डोंगरापलीकडचा मुलूख हवा होता. स्वार्थ होता यात शंका नाही. जॉन हॅन्कॉकसारखा बडा व्यापारी चळवळीला पैसा पुरवत होता. पण १७७० साली करार मोडण्याची घाई व्यापाऱ्यांनीच केली, आणि १७७४ नंतर सूत्रे त्यांच्या हातून निसटली. वुस्टरच्या रस्त्यावर उभे असलेले शेतकरी चहाचे व्यापारी नव्हते. दुसरा आक्षेप टॉमस पेनच्या बाजूने येतो: १७७६च्या जानेवारीत निघालेल्या त्याच्या 'कॉमन सेन्स' पुस्तिकेने लोकांची मने राजापासून तोडली. पुस्तिकेचा प्रभाव जबरदस्त होता हे खरेच. पण तोपर्यंत लेक्सिंग्टन आणि बंकर हिलच्या लढाया झाल्या होत्या. काँग्रेसने जुलै १७७५ मध्ये राजाला पाठवलेल्या शेवटच्या विनवणीची दखलही न घेता राजाने ऑगस्टात वसाहती बंडखोर ठरवल्या होत्या. फॅल्मथ हे बंदरगाव आरमाराने जाळले होते, आणि डिसेंबरात पार्लमेंटने वसाहतींचा सारा व्यापार बंद करून त्यांची जहाजे शत्रूची ठरवली होती. लोक समित्यांच्या राज्यात वर्षभर राहिले होते. राजावाचून चालते हे त्यांनी अनुभवले होते. पेनने त्या अनुभवाला राजाविरुद्ध उघड बोलण्याची हिंमत दिली.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी आहे ती ज्या वसाहती फुटल्या नाहीत त्यांच्यात. मुद्रांक कायदा, टाउनशेंडची जकात, चहा हे सगळे नोव्हा स्कोशियालाही लागू होते, आणि तिथल्या रहिवाशांपैकी निम्म्याच्या वर न्यू इंग्लंडमधूनच गेलेले होते. भाषा, धर्म, नातीगोती तीच. पण तिथे गावसभेची पद्धत रुजू दिली गेली नव्हती; कारभार हॅलिफॅक्सहून चाले आणि हॅलिफॅक्स हा आरमाराचा तळ होता. तक्रारी होत्या, त्यांना बसायला गावसभा नव्हती. कॅरिबियन बेटांवर १७६५ साली सेंट किट्स आणि नेव्हिसमध्ये दंगे झाले होते, पण तिथले गोरे मळेवाले गुलामांच्या अफाट संख्येपुढे मूठभर होते आणि इंग्रज सैन्याशिवाय त्यांना झोप लागत नव्हती. त्यांच्याकडे सभा होती, पण राजावाचून राहण्याची ताकद नव्हती.

गुलामांचा विषय निघाला की सर्वांत गंभीर आक्षेप पुढे येतो: हे स्वातंत्र्य कोणाचे? त्या वेळी वसाहतींच्या सुमारे २५ लाख वस्तीत ५ लाखांच्या आसपास गुलाम होते. मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी १७७३ साली गव्हर्नर आणि सभेकडे स्वतःच्या सुटकेचे अर्ज केले, त्याच हक्कांच्या भाषेत. त्यांना दाद मिळाली नाही. १७७५च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने बंडखोर मालकांचे जे गुलाम राजासाठी लढतील ते मुक्त, असे जाहीर केले, आणि दक्षिणेतले कितीतरी मळेवाले त्या धास्तीनेच स्वातंत्र्याच्या बाजूला ढकलले गेले. जेफरसनच्या मसुद्यातला गुलामांच्या व्यापारावरचा परिच्छेद काँग्रेसने गाळला. मूळच्या रहिवाशांना तर जाहीरनाम्यात रानटी म्हटले आहे, आणि त्यांच्या जमिनी हा या स्वातंत्र्याचा एक मोबदला होता. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तो माझ्या मांडणीला खोडत नाही, तिची दुसरी बाजू दाखवतो. ज्यांच्या हाती सभा, मत आणि बंदूक होती त्यांचा अर्ज राज्य झाला. ज्यांच्या हाती यांतले काहीच नव्हते त्यांचा अर्ज कागदच राहिला. त्यांच्या मुक्तीला जवळजवळ ९० वर्षे आणि एक यादवी युद्ध लागले. त्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' अर्पण केले. त्यांनी गौरव केला तो १७७६च्या जाहीरनाम्याचा नव्हे, तर गुलामीचा नाश करणाऱ्यांचा, आणि ही निवड त्यांच्या नजरेची साक्ष आहे.

१७७६च्या वसंतात स्वातंत्र्याची मागणी खालून वर चढली. एप्रिल ते जुलै या काळात गावे, परगणे, पलटणी आणि वसाहतींच्या सभा यांनी केलेले स्वातंत्र्याचे निदान ९० ठराव आजही सापडतात. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने गावांना विचारलेच होते, की काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर केले तर तुम्ही जीव आणि मालमत्ता पणाला लावाल का. काँग्रेसने १५ मेला राजाच्या नावाने चालणारी सत्ता दडपून नवी सरकारे स्थापावीत असे वसाहतींना सांगितले, २ जुलैला १२ वसाहतींच्या मतांनी ठराव केला आणि ४ तारखेला मसुदा स्वीकारला. न्यूयॉर्कची संमती ९ तारखेला आली. जाहीरनाम्यातले २७ आरोप राजावर आहेत. ज्या पार्लमेंटशी १० वर्षे वाद चालला तिचे नावही त्यात नाही, कारण तिचा हक्क त्यांच्या लेखी कधी नव्हताच. तोडायचे उरलेले नाते एकट्या राजाशी होते.

पुढचे युद्ध हा वेगळा विषय. १७७८ साली फ्रान्स त्यात उतरला आणि त्याचे पडसाद पुण्यापर्यंत आले: नाना फडणिसांकडे १७७७ मध्ये आलेल्या सेंट ल्युबिन या फ्रेंच वकिलामुळे मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती, आणि पुण्यावर चालून येण्याच्या ज्या घाईचा शेवट जानेवारी १७७९ मध्ये वडगावला झाला, तिच्यामागे ही धास्तीही होती. यॉर्कटाउनला १७८१ साली शरण गेलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. १७८३च्या तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य झाले.

तीनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कर आणि कर्जे यांखाली दबले होते. वसुली रोख नाण्यात होती, जप्त्या होत होत्या. त्यांनी परगण्यांच्या सभा भरवल्या, अर्ज लिहिले, आणि अर्ज पडून राहिले तेव्हा १७८६च्या सप्टेंबरात ते हत्यारे घेऊन वुस्टरच्या कोर्टापुढे उभे राहिले. पायऱ्यांवर त्यांना समजावत होता न्यायाधीश आर्टेमस वॉर्ड, १७७५ साली बॉस्टनला वेढा घालणाऱ्या शेतकऱ्यांचा सेनापती. बोलावलेल्या नागरी पलटणी त्यांच्यावर चालून आल्या नाहीत, आणि कोर्ट भरले नाही. सॅम्युएल ॲडम्स आता सरकारच्या बाजूला होता. राजाविरुद्धचे बंड क्षम्य असेल, लोकांनी निवडलेल्या सरकाराविरुद्धचे नव्हे, असे त्याचे मत झाले होते, आणि जमावबंदीचा कडक कायदा करण्यात त्याचा हात होता. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या सैन्याने ते बंड हिवाळ्यात मोडले. पण त्यानंतरच्या निवडणुकीत लोकांनी बंड मोडणारा गव्हर्नर पाडला आणि नव्या सभेने करांचा जाच कमी केला.